शहराचं बजेट: वेतनकरार आणि गाड्यांची खरेदी एकाच वर्षी आलीये, कसं बसवायचं?

आकडेमोड:

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, पण वाचून सांगा. मी एका शहराच्या प्रशासनात वित्त विभागात आहे, दोन वर्षं झाली. आतापर्यंत फक्त बिलं तपासायचं काम होतं, यंदा पहिल्यांदा कचरा संकलन आणि अग्निशमन या दोन खात्यांचं वार्षिक बजेट माझ्याकडे आलंय.

अडचण अशी की सफाई कामगारांचा वेतनकरार बजेट वर्षाच्या बरोबर मध्यात संपतोय. युनियनचं मागणीपत्र अजून आलेलं नाही, बोलणी कधी सुरू होतील तेही ठरलेलं नाही. आणि त्याच वर्षी वर्कशॉपने ९ कॉम्पॅक्टर (कचरा दाबून भरणाऱ्या गाड्या) आणि १ फायर इंजिन मागितलंय. साहेब म्हणतात, मागच्या वर्षीच्या आकड्यावर ५ टक्के चढव, करारासाठी काहीतरी गोल आकडा ठेव आणि गाड्या पुढच्या वर्षावर ढकल. मला ते पटत नाहीये पण का पटत नाही ते नीट मांडता येत नाहीये, म्हणून इथे विचारतेय.

जो करार झालाच नाही त्याची तरतूद किती आणि कुठे दाखवायची? आकडा उघड दाखवला तर युनियन तिथूनच बोलणी सुरू करेल असं सगळे म्हणतात, ते खरंय का? आणि गाड्या कर्ज काढून घ्याव्या का शिलकीतून? खात्यांच्या मागण्या येऊन पडल्यात, माझ्याकडे तीन आठवडे आहेत.

जुना_लेखापाल:

आधी एक गोष्ट, मागच्या वर्षीच्या *बजेटवर* ५ टक्के चढवू नका. मागच्या तीन वर्षांचा *प्रत्यक्ष खर्च* काढा, महिन्यावार काढा, आणि त्यातून एकदाच झालेले खर्च बाजूला करा. मागच्या वर्षी कोणाच्या थकबाकीचा मोठा हप्ता गेला असेल, पूर आला म्हणून भाड्याने पंप आणले असतील, तर ते यंदाच्या मूळ आकड्यात धरायचं कारण नाही. आणि उलट, मागच्या वर्षी ज्या जागा अर्धं वर्ष रिकाम्या होत्या त्या यंदा भरल्या असतील तर तो पगार पूर्ण १२ महिन्यांचा येणार, तो मागच्या खर्चात दिसणारच नाही. मी नोकरीत असताना दर वर्षी कोणी ना कोणी यात फसायचं.

आता कराराचं. पगाराचा तक्ता पदवार करा, एकूण रकमेवर टक्केवारी लावून नाही. प्रत्येक पदाचा मूळ पगार, वार्षिक वेतनवाढ, मग मूळ पगाराला बांधलेलं जे जे असतं ते सगळं, पेन्शनचा वाटा, विमा, ओव्हरटाइमचा दर. मूळ पगार ४ टक्के वाढला की ओव्हरटाइमचा तासही ४ टक्क्यांनी महाग होतो, ही साधी गोष्ट कितीतरी तक्त्यांत राहून जाते.

मग येतं वर्षाच्या मध्यात लागू होणाऱ्या वाढीचं गणित. पगाराचा खर्च वर्षाला १०० धरा. सातव्या महिन्यापासून ४ टक्के वाढ दिली तर यंदा जास्तीचे २ च लागतात. सगळे खूश, बजेटात बसलं. पुढच्या वर्षी तीच वाढ पूर्ण ४ होऊन येते, म्हणजे कोणीही नवीन निर्णय न घेता २ चा बोजा आपोआप वाढतो. दोन टप्प्यांत दिली, पहिल्या महिन्यात २ टक्के आणि सातव्यात २ टक्के, तर यंदाचा खर्च ३ च्या जरासा वर जातो पण वर्ष संपताना पगार १०४.०४ वर उभा असतो. म्हणून करार नेहमी किमान तीन वर्षं पुढे मांडून दाखवा, एका वर्षाचा आकडा दाखवणं म्हणजे सभागृहाची दिशाभूल आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

आणि बोलणी लांबली तर? करार संपल्यावर १८ महिन्यांनी सही झाली आणि ४ टक्के मागच्या तारखेपासून लागू झाले, तर त्या दिवशी ६ ची थकबाकी एकदम द्यावी लागते. हे पैसे वर्ष संपलं म्हणून 'बचत' म्हणून दुसरीकडे वळवले असतील तर ते आणणार कुठून? सही न झालेल्या कराराचे पैसे दर वर्षी बाजूला काढून ठेवायचेच.

कुठे दाखवायचे, तर खात्याच्या पगाराच्या हेडमध्ये (बजेटातल्या त्या खर्चाच्या शीर्षाखाली) नको. सगळ्या खात्यांच्या न झालेल्या करारांची एकत्र तरतूद एका हेडखाली ठेवा, तिथून कुठल्या युनियनला किती ते वेगळं काढता येत नाही. लपवलं असं होत नाही, रक्कम बजेटात दिसते, फक्त वाटणी दिसत नाही. आणि त्या हेडमधून दुसरीकडे पैसे वळवायला सभागृहाची मंजुरी लागेल अशी अट घाला, नाहीतर वर्षाच्या शेवटी तोच खिसा सगळ्यात आधी रिकामा होतो.

युनियनवाली_ताई:

मी दुसऱ्या बाजूला बसते, कामगारांच्या बाजूने तीन करारांच्या बोलणीत होते, म्हणून लिहितेय. आकडा दिसला तर युनियन तिथून सुरुवात करते हे अर्धंच खरं आहे. आम्ही तुमचं बजेट वाचतोच, मागच्या पाच वर्षांचं वाचतो, सुधारित अंदाज वाचतो, शिल्लक किती राहिली तेही काढतो. खरा राग कशाचा येतो तर बोलणीच्या टेबलावर 'पैसेच नाहीत' ऐकायचं आणि वर्ष संपल्यावर कळायचं की रिकाम्या जागांचे पगार पूर्ण धरले होते आणि ते पैसे भलतीकडे गेले. एकदा असं झालं की पुढच्या वेळी तुम्ही खरा आकडा सांगितला तरी कोणी विश्वास ठेवत नाही.

लेखापाल काका म्हणतात तशी एकत्र तरतूद ठेवा, त्याला आमचीही हरकत नसते. पण हे लक्षात ठेवा की एका युनियनला दिलेली वाढ बाकीच्या युनियन मागतातच. सफाईला ४ आणि अग्निशमनला ६ दिले तर वर्षभरात सफाईवाले परत दारात उभे राहणार. म्हणून एका कराराचा खर्च काढताना बाकीच्यांचाही अंदाज त्याच वेळी काढा.

आणि मला सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं की साहेब गाड्या आणि करार या दोन वेगळ्या गोष्टी समजतायत. कामगाराच्या दृष्टीने त्या एकच आहेत. अमेरिकेतल्या मेम्फिस शहराचं माहिती असेल, १ फेब्रुवारी १९६८, एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन सफाई कामगार पावसात कचऱ्याच्या गाडीच्या मागच्या भागात आडोशाला बसले होते आणि बिघडलेल्या गाडीची दाबयंत्रणा अचानक सुरू होऊन ते त्यात चिरडले गेले. असल्या जुन्या गाड्या बदला हे कामगार आधीपासून सांगत होते. १२ फेब्रुवारीला सुमारे १,३०० कामगार संपावर गेले. त्या संपाला पाठिंबा द्यायलाच मार्टिन ल्युथर किंग त्या शहरात आले होते आणि ४ एप्रिलला तिथेच त्यांची हत्या झाली. १६ एप्रिलला शहराने युनियनला मान्यता आणि पगारवाढ देऊन संप मिटवला. गाड्या वेळेवर बदलल्या असत्या तर ती दोन माणसं घरी गेली असती. मी हे वाचलं की आजही घशात आवंढा येतो.

म्हणून गाड्यांची यादी बोलणीच्या टेबलावर आणा. आम्ही पगाराएवढंच हेही मागतो की गाडी चालू स्थितीत असावी, ब्रेक लागावा, मागची फळी हाताने उचलायला लागू नये.

वर्कशॉपमधून:

आकडेमोड ताई, मी गाड्यांच्या देखभालीत २० वर्षं आहे, तुम्हाला हवा असलेला पुरावा वर्कशॉपमध्येच पडलाय. जॉबकार्डं मागवा. प्रत्येक गाडीचं कार्ड असतं, त्यावर गाडी आत कधी आली, काय बिघडलं, बाहेर कधी गेली ते सगळं लिहिलेलं असतं. आता कचरा खात्याच्या ओव्हरटाइमच्या शीटवरच्या तारखा घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवा.

काय होतं ते सांगतो. सकाळी साडेपाचला गाडी निघते, सातला हायड्रॉलिकचा पाइप फुटतो, तेल रस्त्यावर. दाबायची पाटी अर्ध्यात अडकते, आत निम्मा कचरा. दुसरी गाडी पाठवायला जादा गाडीच नाही कारण जादा म्हणून ठेवलेली गाडी तीन महिन्यांपासून रोजच्या फेरीत चालतेय. मग पहिल्या गाडीवरची तीन माणसं रस्त्याकडेला बसून राहतात, पगार चालू, आणि दुपारी दुसरी गाडी आपली फेरी संपवून त्यांच्या भागात येते, ती माणसं ओव्हरटाइमवर. एका पाइपपायी दोन टोळ्यांचा दिवस गेला. हा खर्च वर्कशॉपच्या हेडला दिसत नाही, तो पगाराच्या हेडला जाऊन बसतो, आणि वर बसलेले म्हणतात कामगार ओव्हरटाइम फार घेतात.

दुसरं, गाड्या ढकलायच्या म्हणजे काय होतं ते साहेबांना असं दाखवा. समजा ४० गाड्या आहेत आणि एक गाडी ८ वर्षं नीट चालते, तर दर वर्षी ५ बदलायला लागतात. दोन वर्षं काहीच घेतलं नाही तर तिसऱ्या वर्षी एकदम १५ लागणार. आणि त्या १५ एकदम घेतल्या की ८ वर्षांनी त्या १५ एकदम म्हाताऱ्या होणार. हा गठ्ठा एकदा तयार झाला की मोडायला फार वेळ लागतो. दर वर्षी सारख्या संख्येने घ्या, मग कमी का होईना.

फायर इंजिनचं वेगळं आहे. ते वर्षाला कमी किलोमीटर चालतं पण हाकेला उभं राहायलाच हवं. आगीपासून सुरक्षेची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या एनएफपीए या संस्थेची शिफारस आहे की १५ वर्षांवरचं इंजिन राखीव म्हणून ठेवावं आणि २५ वर्षांवरचं बदलावं. शिवाय ते बनवून घ्यावं लागतं, तयार मिळत नाही. तिकडे अलीकडच्या काळात ऑर्डर दिल्यापासून हातात यायला दोन-तीन वर्षं लागल्याची उदाहरणं आहेत. तर यंदा ढकललं म्हणजे एक वर्ष ढकललं असं समजू नका. आणि ऑर्डर यंदा दिली तरी बिल पुढच्या वर्षात येणार, तेव्हा ते पैसे बांधील म्हणून पुढे न्यायची सोय बजेटात आत्ताच करून ठेवा, नाहीतर वर्ष संपलं की तरतूद रद्द होते आणि गाडी दारात उभी असताना पैसे नसतात. आमच्याकडे हे झालंय. नवीन गाडी पाच आठवडे पुरवठादाराच्या आवारात उभी होती आणि आम्ही जुनीचा पंप तिसऱ्यांदा उघडत होतो.

टेंडरबद्दल एवढंच की नुसती खरेदीची किंमत बघू नका. एक गाडी १०० ला आणि वर्षाचा खर्च २२, दुसरी १२० ला आणि वर्षाचा खर्च १७. आठ वर्षांत पहिलीचे २७६ होतात, दुसरीचे २५६. स्वस्त कोणती ते तुम्हीच बघा. मात्र ही पद्धत टेंडरच्या अटींतच लिहिलेली पाहिजे, नंतर आठवलं तर उपयोग नाही. आणि सहा कंपन्यांच्या सहा तऱ्हेच्या गाड्या घेऊ नका, स्पेअर पार्टचं कपाट भरतं आणि नेमका लागणारा पार्ट नसतो.

करदाता_एक:

मी बजेटवाला नाही, कर भरणारा आहे. एवढं सगळं करण्यापेक्षा कचऱ्याचं काम सरळ ठेक्याने का देत नाहीत? पगार, पेन्शन, गाड्या सगळं ठेकेदाराचं. दर वर्षी एक ठरलेली रक्कम द्या आणि मोकळे व्हा.

जुना_लेखापाल:

विचारलंत ते बरं झालं, हा प्रश्न सभागृहात हमखास येतो. ठेका हाही करारच आहे, आणि त्यातही मजुरीवाढ, इंधनवाढ याची कलमं असतात. रक्कम 'ठरलेली' फक्त पहिल्या वर्षी असते. मी दोन गोष्टी बघायला सांगतो. ठेका संपल्यावर गाड्या कोणाच्या? शहराने स्वतःच्या गाड्या विकून टाकल्या, चालक पांगले, वर्कशॉप बंद केलं, तर पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी ठेकेदार म्हणेल ती किंमत. आणि ठेकेदाराच्या माणसांना पगार वेळेवर मिळतो का ते बघायला शहराला माणसं ठेवावीच लागतात, त्यांचा खर्च तुलनेत कोणी धरत नाही. काही ठिकाणी ठेका बरोबर ठरतो, मी विरोधात नाही, पण अर्धं काम स्वतःकडे ठेवलं तर खरा खर्च काय असतो हे शहराला कळत राहतं.

आकडेमोड, तुमचा कर्जाचा प्रश्न राहिला. नियम जुना आहे आणि सोपा आहे, जी वस्तू जितकी वर्षं टिकते त्याहून जास्त वर्षांचं कर्ज तिच्यावर काढायचं नाही. ८ वर्षांच्या गाडीवर १५ वर्षांचं कर्ज म्हणजे भंगारात गेलेल्या गाडीचे हप्ते ७ वर्षं भरणं. आणि रोजचा खर्च, पगार, दुरुस्ती, डिझेल, हे कर्जातून कधीही नाही. न्यूयॉर्क शहराने हेच केलं होतं, १९६० च्या दशकापासून रोजचे खर्च भांडवली बजेटमध्ये (म्हणजे इमारती, गाड्या अशा टिकाऊ गोष्टींच्या बजेटमध्ये) ढकलत गेले आणि अल्पमुदतीच्या कर्जावर कर्ज काढत गेले. १९७५ मध्ये बँकांनी हात वर केले, हजारो कर्मचारी काढले गेले, १ जुलैला सफाई कामगारांनी काम बंद केलं आणि रस्त्यावर कचऱ्याचे ढीग लागले. शेवटी १७ ऑक्टोबरला शिक्षकांच्या पेन्शन फंडाने १५ कोटी डॉलरचे रोखे घेतले म्हणून त्या दिवशीची दिवाळखोरी टळली. म्हणजे ज्यांच्या पगाराला पैसे नव्हते त्यांच्याच म्हातारपणाच्या पैशांवर शहर वाचलं.

उलट चूकही होते, एकदाच मिळालेले पैसे कायमच्या खर्चाला लावायची. जागा विकली, अनुदान आलं, मागच्या वर्षीची शिल्लक निघाली, तर त्यातून पगारवाढ नाही, त्यातून गाडी. गाडी एकदाच घ्यायची असते, पगार दर महिन्याला द्यायचा असतो. आणि शिल्लक पूर्ण खाऊ नका. उत्तर अमेरिकेतल्या सरकारी वित्त अधिकाऱ्यांची संघटना, जीएफओए, किमान दोन महिन्यांच्या खर्चाइतकी राखीव रक्कम हाताशी ठेवायला सांगते. मी स्वतः लहान शहराला त्याहून थोडी जास्तच सांगेन, कारण एक मोठा करदाता गेला तरी हादरा बसतो.

युनियनवाली_ताई:

काकांच्या उत्तराला जोडून, बर्मिंगहॅमचंही बघा, इंग्लंडमधलं. तिथे कचरा उचलणाऱ्यांना, रस्ते झाडणाऱ्यांना, म्हणजे बहुतेक पुरुषांना बोनस होते आणि त्याच श्रेणीतल्या सफाई, स्वयंपाक, शुश्रूषा करणाऱ्या बायकांना ते नव्हते. २०१२ मध्ये बायकांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्या जिंकल्या. शहराने नंतरच्या वर्षांत १०० कोटी पौंडांहून जास्त दिले तरी दावे संपले नाहीत, त्यात नवी कॉम्प्युटर प्रणाली सुमारे १.९ कोटी पौंडांत होणार होती तिचा अंदाज १० कोटींच्या आसपास गेला, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये शहराने जाहीर केलं की नवीन खर्च थांबवतोय. मग गाडीवरचं एक पद रद्द करायला निघाले आणि ११ मार्च २०२५ ला कचरा कामगारांचा बेमुदत संप सुरू झाला.

आकडेमोड, तुमच्या पदवार तक्त्यात एक रकाना बाई-पुरुष असाही घाला. एका पदाला भत्ता आहे आणि त्याच श्रेणीतल्या दुसऱ्या पदाला नाही असं दिसलं तर आत्ताच विचारा. तो पैसा वाचलेला नसतो, उधार असतो, आणि मुळात त्या बायकांचा असतो.

आकडेमोड:

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवसांनी लिहितेय कारण वर्कशॉपमध्ये बसून जॉबकार्डं उतरवत होते. दादा, तुम्ही सांगितलं तसंच निघालं. सहा महिन्यांची कार्डं आणि ओव्हरटाइम शीट शेजारी लावली. ज्या दिवशी ओव्हरटाइम सगळ्यात जास्त आहे अशा २० दिवसांपैकी १४ दिवशी एक ना एक कॉम्पॅक्टर आत होता, आणि त्यात तीनच गाड्यांचे नंबर फिरून फिरून येतात. एका गाडीच्या कार्डाला जागा उरली नाही म्हणून मागे दुसरा कागद स्टेपल केलाय.

साहेबांना दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले की या तीन गाड्यांचा ओव्हरटाइम वेगळा काढून दे. आता माझा आराखडा असा आहे की ९ ऐवजी यंदा ५ कॉम्पॅक्टर, त्यातले पहिले तीन याच नंबरांच्या बदली, शिलकीतून. फायर इंजिन कर्जाने, १० वर्षांच्या मुदतीने, आणि ऑर्डर पहिल्या तिमाहीतच. करारांची एकत्र तरतूद तीन वर्षांच्या तक्त्यासकट. ओव्हरटाइमचं हेड मी कमी करणार होते, नवीन गाड्या आल्यावर तो घटेल म्हणून. ते बरोबर आहे का?

वर्कशॉपमधून:

यंदा कमी करू नका ताई. टेंडर, ऑर्डर, गाडी हातात येणं, चालकांचं ट्रेनिंग, यात वर्षाचा बराच भाग जातो, तोपर्यंत त्याच तीन गाड्या रस्त्यावर आहेत. पुढच्या वर्षी कमी करा, तेही जॉबकार्ड बघून. आणि जुन्या तीनपैकी जी त्यातल्या त्यात बरी आहे ती लिलावात न काढता जादा गाडी म्हणून ठेवा, बाकी दोन मात्र लगेच बाहेर काढा, नाहीतर त्या परत फेरीला लागतात.

युनियनवाली_ताई:

आणि ती जॉबकार्डांची शीट बोलणीच्या पहिल्याच बैठकीत आम्हालाही द्या. आमच्या चालकांच्या वह्यांत त्याच तारखा आहेत, ताडून बघता येतील.

आकडेमोड:

देते. कार्डावरचा तो स्टेपल केलेला कागद पण झेरॉक्स काढून लावलाय.